तीन नंबरचा पिलर आणि डावा मागचा दरवाजा

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या तीन नंबरच्या पिलरला भडक पिवळा ऑइलपेंट द्यावा, ही सूचना माझी. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. चारकोपच्या आमच्या सेक्टरात पुनर्विकास होऊन खाली पार्किंग आलेली आमची पहिली बिल्डिंग, त्यामुळे पार्किंग या विषयावर कमिटीत प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. चेअरमन काशीराम मोंडकरांना पिलर लाल हवा होता, खजिनदारांना आहे तसाच हवा होता. चार सभा झाल्यावर 'लांबून दिसेल असा पिवळा' हा ठराव मी माझ्या हस्ताक्षरात लिहिला आणि त्याखाली आपणहून एक नियम जोडला: ज्या सभासदाची गाडी पिलरला घासेल त्याने रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सही करावी व पिलर स्वतः रंगवून द्यावा. कॉलेजच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचं ड्राफ्टिंग आहे ते. त्यातून कुणालाही सुटता येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गेल्या शुक्रवारी संध्याकाळी तो पिवळा रंग आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या दरवाज्यावर सापडला. गाडी गडद निळी, पट्टा वीतभर. 'लांबून दिसेल असा' हे माझे शब्द किती अचूक होते ते मला तेव्हा कळलं.

'आमची गाडी' म्हणालो, पण गाडी नीलमची. नीलम माझी बायको. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि महिन्याभरात लायसन्स घेऊन आली. माझ्याकडे लायसन्स बावीस वर्षांपासून आहे, पण गाडी नसल्यामुळे मी ते ओळखपत्र म्हणून वापरत होतो. त्यामुळे तिने घराखाली गाडी आणून उभी केली तेव्हा मला काहीतरी बोलणं भागच होतं. मी आईसमोर म्हणालो, "पहिला ओरखडा ज्याच्या हातून पडेल, त्याने चावी दुसऱ्याकडे द्यायची. कायमची." नीलमने जरा विचार केला आणि म्हणाली, "कबूल."

माझा अंदाज होता की पंधरा दिवसांत चावी माझ्याकडे येईल. अकरा महिने झाले. त्या अकरा महिन्यांत ती शाळेत गेली, बाजारात गेली, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, दर रविवारी आईला आणि बिल्डिंगमधल्या तीन म्हाताऱ्यांना विहारात नेऊन आणत राहिली. ओरखडा नाही. मी रविवारी संध्याकाळी हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचो. गाडी तपासायला म्हणून मारायचो असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर वाट बघत होतो. आई, म्हणजे सोनूबाई, तर सुनेच्या शेजारची सीट सोडायला तयार नसते. मी एकदा नेतो म्हटलं तर म्हणाली, "नगं रं बाबा. तुज्यासंगं बसलं की पोटात गोळा येतो." मी तोवर तिला एकदाही नेलं नव्हतं.

तर नीलम बुधवारी भाचीच्या लग्नाला परभणीला गेली. शुक्रवारी आईचा नवा चष्मा आणायचा होता. दुकान चालत आठ मिनिटांवर आहे. मी गाडी का काढली, हे कृपया कुणी विचारू नये. आईच्या उशाखालून चावी घेतली, खाली आलो, गाडी सुरू केली. खंडू वॉचमन शिट्टी फुंकत मागे उभा राहिला. मी गाडी रिव्हर्स घ्यायला लागलो आणि मागून आवाज आला, खर्रर्र.

मी उतरलो. डावीकडे गेलो. पट्टा बघितला.

खंडू पुढे आला. "साहेब, तो आवाज..."

"कसलाही आवाज झालेला नाही, खंडू."

"नाय साहेब, म्हणजे तो..."

"गप्प बस. तू काही ऐकलेलं नाहीस, मी काही केलेलं नाही. कळलं?"

खंडूने सलाम ठोकला आणि खुर्चीवर जाऊन बसला. मी डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीकडे करून गाडी उघड्यावरच्या आमच्या जागेवर लावली आणि चष्मा चालत जाऊन आणला.

नीलम रविवारी सकाळी येणार होती. मध्ये एक शनिवार. तेवढ्यात तो पट्टा गेला नाही तर अकरा महिने ज्या चावीवर मी डोळा ठेवून होतो तिच्यावर जन्मभरासाठी पाणी सोडायचं होतं, तेही आईसमोर, आणि वर माझ्याच रजिस्टरमध्ये माझीच सही. पट्टा जायलाच हवा होता. बिल्डिंगमध्ये कुणाला न कळता जायला हवा होता. ही दुसरी अट मी घातली तेव्हा लवू परब दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा होता.

लवू परब रिटायर्ड फिटर. मालवणकडचा. तो दिवसातले दहा तास गॅलरीत असतो आणि उरलेल्या वेळात लोकांना सल्ले देतो.

"काय रे कुंडलिका, गाडीक काय झाला?"

"काही नाही."

"लावताना पिवळा दिसला मां!"

मी जिन्यातून वर गेलो आणि हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं. लवूने मान डोलावली. "तां सोप्पा आसा. आमच्याकडे गणपतीक पितळेची भांडी घासतत, ती पावडर घेऊन जा. लिंबू पिळ, पावडर लाव, घासणेन घास. पितळ चकचकता, थंय पत्र्याची काय कथा?"

पितळ मुळात पिवळंच असतं आणि या पावडरीने ते आणखी पिवळं दिसतं, मग पिवळा घालवायला हीच पावडर कशी, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. तो मला शनिवारी सकाळी सव्वासात वाजता पडला, तोवर पाव डबा संपला होता.

सुरुवात मात्र झकास झाली. गाडी भिंतीपासून थोडी बाजूला घेतली, बादली भरली, दोन लिंबं पिळली, नवी कोरी हिरवी घासणी घेतली आणि कामाला लागलो. पिवळा निघायला लागला. मला इतका आनंद झाला की मी शीळ घातली. मग पाणी मारलं, फडक्याने पुसलं आणि वाळायची वाट बघितली. पिवळा निम्मा गेला होता. निळ्या रंगाची चकाकी पूर्ण गेली होती. ताटाएवढ्या जागेत गाडी शाळेच्या जुन्या फळ्यासारखी दिसत होती.

वरून, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून, आईचा आवाज आला. "कशापायी घासतुयास रं? असू दे की ते."

"आई, असू देऊन कसं चालेल?"

"तुजं काय जातंय?"

माझं काय जातंय ते तिला खिडकीतून ओरडून सांगणं शक्य नव्हतं. मी परत लिंबू-पावडर थापून घासणी उचलली, आणि तेवढ्यात चेअरमन काशीराम मोंडकर जिन्यातून उतरले. मी झटकन वळलो आणि दरवाज्याला पाठ लावून उभा राहिलो.

"सेक्रेटरी," बादलीकडे बोट करत ते म्हणाले, "पार्किंगमध्ये गाडी धुवायला बंदी आहे ना? सेक्रेटरीच्या लेखी परवानगीशिवाय?"

"मीच सेक्रेटरी आहे."

"लेखी आहे का?"

नव्हती. हा नियमही माझाच. काशीराम म्हणाले तत्त्वाचा प्रश्न आहे, आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे बादल्या घेऊन येतील. खंडूच्या टेबलावरून त्यांनी कागद आणवला. मी दरवाज्याला पाठ तशीच टेकवून, कागद गुडघ्यावर धरून, मलाच उद्देशून अर्ज लिहिला. 'प्रति, मा. सचिव.' मग त्यावर परवानगीचा शेरा मारला. काशीरामांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, अर्जदार आणि परवानगी देणारा एकच असेल तर चेअरमनची प्रतिसही लागते. मी म्हटलं, करा. ते म्हणाले, करतो, पण अर्जात कारण लिहिलेलं नाही.

मी लिहिलं, 'स्वच्छता.'

"कसली?"

"सर्वसाधारण."

सही करून झाल्यावर तरी माणसाने जावं. ते पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बोलायला लागले. टाकीचं झाकण हा त्यांचा जुना विषय आहे. मला हलता येत नव्हतं. वीस मिनिटं मी दरवाज्याला चिकटून हो हो म्हणत होतो आणि लिंबाचं पाणी माझ्या पाठीवरून खाली उतरत होतं. ते गेल्यावर मी भाजी आणायला गेलो, दूध आणलं, इस्त्रीचे कपडे टाकून आलो. घरी आल्यावर शर्ट काढला तेव्हा दिसलं की पाठीवर मधोमध पिवळट पांढरा मोठा गोल आहे. सेक्टरातल्या निदान पन्नास माणसांनी तो पाहिला असेल, एकानेही सांगितलं नाही. या लोकांसाठी मी सहा वर्षं सेक्रेटरीपद सांभाळतोय.

लवूचा दुसरा सल्ला तयारच होता. "पावडर जास्त झाली तुझी. आता टूथपेस्ट लाव. पेस्टेन ओरखडे भरतत." टूथपेस्ट नीलम परभणीला घेऊन गेली होती. घरात होतं ते आईचं लाल दंतमंजन. आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण शनिवारी दुपारी बारा वाजता, डोक्यावर रविवार असताना, दातांना चालतं ते दातांना चालतं, पेस्ट काय आणि पूड काय, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. मंजन पाण्यात कालवून मी ते जाड थापलं आणि गोल गोल चोळलं. पुसलं तेव्हा घासणीच्या प्रत्येक बारीक रेघेत लाल रंग नीट बसला होता. मग तो काढायला करोनात घेतलेला सॅनिटायझरचा कॅन माळ्यावरून उतरवला. सॅनिटायझरने लाल रंग पातळ झाला आणि चहूकडे पसरला. पिवळ्याचा मूळ पट्टा निम्मा होता तो अजूनही निम्माच होता.

आई खिडकीत होती. "माजं मंजन व्हय रं ते?"

मी मंजनाची डबी बादलीमागे सरकवली.

शेवटी मी गाडी काढली आणि आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये धाकू पेंटरकडे गेलो. धाकू साठीचा, चष्म्याला दोरी लावलेला. त्याच्या गाळ्यासमोर गाडी उभी केली. त्याने वाकून बघितलं, नख फिरवलं.

"काय काय लावलंत?"

डॉक्टरला सांगतात तसं मी सगळं क्रमाने सांगितलं. भांड्यांच्या पावडरीला तो काही बोलला नाही. लिंबाला भुवई वर गेली. दंतमंजन म्हटल्यावर त्याने चष्मा काढला.

"साहेब, हा पिवळा पिलरचा रंग. तो नुसता वर चिकटलेला. गाडीचा रंग खाली साबूत होता. कापडावर जरासं रबिंग पॉलिश घेऊन दोन मिनिटं बोट फिरवलं असतं ना, तर गेला असता. आता तुम्हाला हे जे दिसतंय, तो डाग नाय. ती तुमची मेहनत आहे."

"जाईल ना पण?"

"जाईल की. मशीनने बफिंग करावं लागेल. आज इस्टेटची लाईट बंद आहे, उद्या सुट्टी. सोमवारी आणा."

"सोमवारी नाही चालणार. उद्या सकाळी बायको येतेय."

धाकूने माझ्याकडे बघितलं. "मग सांगून टाका तिला."

"दुसरा काही उपाय?"

"याच्याहून सोपा कुठला सांगू?" असं म्हणून त्याने चष्मा परत लावला आणि आत गेला.

धाकूला बोलायला काय जातंय? मी गाडी आणून परत भिंतीला लावली आणि संध्याकाळभर बसून एक निवेदन तयार केलं. शुक्रवारी गाडी दुकानासमोर उभी असताना अज्ञात वाहनाने धक्का दिला, असं. अज्ञात वाहन पिवळं होतं, हा तपशील आपोआप येत होता. लाल कुठून आलं याचं समाधानकारक उत्तर मिळत नव्हतं, पण चुकीच्या बाजूने टेम्पो घातला तर जमेल असं वाटलं.

रविवारी सकाळी आठला खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. पाच मिनिटं झाली तरी नीलम वर आली नाही. मी चावी खिशात टाकून बॅग घ्यायला म्हणून खाली धावलो. बॅग जिन्याजवळ पडलेली होती आणि नीलम गाडी आणि भिंतीच्या मधल्या फटीत वाकून उभी होती.

मी निवेदनाचं पहिलं वाक्य मनात जुळवलं. तेवढ्यात ती वळली. तिचा चेहरा उतरला होता.

"अहो, वर जायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मंगळवारी आईंना डॉक्टरकडून आणताना गाडी माझ्याकडून पिलरला घासली. मी तुम्हाला बोलले नाही. भिंतीकडे बाजू करून लावली आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले. तिकडे लग्नात जयमंगल अष्टगाथा चालली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर हा पिवळा पट्टा. चार दिवस घास गोड लागला नाही मला."

माझा हात खिशातल्या चावीवर गेला.

"पण मला वाटलं वीतभर आहे," ती म्हणाली आणि तिने त्या ताटाएवढ्या फळ्यावरून हात फिरवला. "हे एवढं? मी एवढं केलं होतं? आणि हे लाल कुठून आलं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे मला काय करायचं होतं? काहीच नाही. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. चावी खिशात होती, ओरखडा तिचा होता, ती स्वतः कबूल करत होती. मी गप्प राहिलो. लपवत नाही, चांगला बराच वेळ गप्प राहिलो, आणि त्यातला पहिला थोडा वेळ मला आनंदसुद्धा झाला.

मग ती ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "ठीक आहे. उद्यापासून शाळेसाठी रिक्षाच बघते."

तिने ते कुरकुर न करता म्हटलं. मला स्वतःची फार लाज वाटली. एक वाक्य मी मजेत, तिचा जरा मुखभंग व्हावा म्हणून बोललो होतो, आणि ही बाई सख्ख्या भाचीच्या लग्नात ते वाक्य घेऊन उपाशी बसली होती.

"नीलम, तुझं वीतभरच होतं," मी म्हणालो. "बाकीचं सगळं माझं."

आणि मी सांगितलं. शुक्रवारचा आवाज, पावडर, लिंबू, मंजन, सॅनिटायझर, धाकू. अज्ञात टेम्पोसुद्धा सांगितला.

"पण मंगळवारी घासली ती तू," मी म्हणालो, "तर मग शुक्रवारी मी काय घासलं?"

"माझी खुर्ची, साहेब," मागून खंडू म्हणाला. "तुम्ही मागं येताना दिसलात म्हणून मी खुर्ची ओढली, तिचा आवाज व्हता तो. मी सांगत होतो तर तुम्ही गप्प बस म्हणालात."

वर खिडकीत आई होतीच. तिला मी विचारलं, "आई, मंगळवारी तू गाडीत होतीस ना? तुला माहीत होतं?"

"न्हाई कसं? म्होरंच बसले व्हते."

"मग मला सांगितलं का नाहीस? दिवसभर बघत होतीस!"

"तिनं शपथ घातली व्हती. आन तुला म्हनले न्हाई का, घासू नगंस म्हनून?"

नीलम बॅगेवर बसली आणि हसायला लागली. बराच वेळ हसली. लवू परब गॅलरीतून वाकून काय झाला, काय झाला विचारत होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ती थांबल्यावर मी खिशातून चावी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"घे. तो नियम मी मागे घेतला. मूर्खपणा होता माझा."

नीलमने चावीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"असं कसं?" ती म्हणाली. "पहिला ओरखडा ज्याचा, त्याने चावी द्यायची. मी कबूल म्हटलं होतं आईंसमोर. ओरखडा माझा. चावी तुमची. कायमची."

"अगं पण..."

"रजिस्टर काढून ठेवा, सही करते. पिलर तेवढा तुम्ही रंगवा. हात बसलाय तुमचा." ती उठली आणि तिने बॅग उचलली. "आता ऐका. नऊ वाजता आईंना आणि तिघींना विहारात सोडायचं. सरूमावशींना खिडकीशी बसवा, त्यांना मळमळतं. जिजाबाईंच्या गुडघ्यामुळे गाडी अगदी पायरीशी लावावी लागते. बाराला परत आणायचं. येताना त्या भाजीसाठी थांबायला सांगतात, थांबायचं, चिडायचं नाही. उद्यापासून मला सहा चाळीसला शाळेत सोडायचं. मंगळवारी आईंचे डोळे."

"आणि तू?"

"मी झोपते," ती म्हणाली. "अकरा महिन्यांत पहिला रविवार मिळालाय."

ती खरंच वर गेली आणि तिने दार लावून घेतलं.

नऊला पाच कमी असताना चौघीजणी पांढऱ्या साड्या नेसून खाली आल्या. स्टिअरिंगवर मला बघून आई थांबली. मागच्या तिघीही थांबल्या. नीलम येणार नाही, मीच नेतोय, असं मी दोनदा सांगितलं. त्यांच्यात हळू आवाजात काही चर्चा झाली. मग सरूमावशी खिडकीशी बसल्या, जिजाबाई मध्ये, तिसऱ्या पलीकडे. आई पुढे माझ्या शेजारी बसली, एका हाताने वरची कडी घट्ट धरली, सीटबेल्ट लावून घेतला आणि डोळे मिटले.

त्रिशरण त्या विहारात पोचल्यावर म्हणतात. आईने ते मी गाडी सुरू करायच्या आधीच सुरू केलं, आणि मागच्या तिघींनी आवाजात आवाज मिसळला.